शेवटचा हात

“ही मेली माझ्या हातात बसतच नाही,” परांचीच्या खालच्या फळीवरून धाकटी पुटपुटली. “बेडूक धरल्यासारखी धरायची, आणि बेडकासारखीच निसटायची.”

वरच्या फळीवर थोरलीची थापी जागच्या जागी थांबली.

धाकटी हे कुणाला सांगत नव्हती. भिंतीशी बोलत होती, फार तर स्वतःशी. पण जुन्या कचेरीचं ते मोठं दालन असं काही बांधलेलं होतं, की साधी कुजबूजसुद्धा छताला जाऊन परत यायची आणि येताना चार माणसांना ऐकू येईल एवढी होऊन यायची. बांधणाऱ्यांनी म्हणे ते मुद्दामच केलं होतं. अध्यक्षाच्या खुर्चीतून कुणी नुसता घसा खाकरला तरी शेवटच्या बाकावरच्याची डुलकी मोडावी म्हणून. आता खुर्ची नव्हती, बाकं नव्हती, आणि डुलक्या घेणारे केव्हाच नव्या इमारतीत डुलक्या घ्यायला गेले होते. उरली होती एक सोललेली उंच भिंत, तिच्यावर चुना चढवणाऱ्या दोन जावा, आणि दोघींच्या मध्ये एक फळी.

नाही ना बसत, मग दे इकडे, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं आणि थापीवरचा चुना गरजेपेक्षा जास्त जोरात ओढला. जिला वाढलंय ती म्हणते भूक नाही, आणि जी उपाशी आहे तिनं पंक्तीत वाढत फिरायचं. बरं आहे.

धाकटीच्या हातात न बसणारी ती वस्तू म्हणजे एक गारगोटी होती. मुठीएवढी, धुरकट रंगाची, एका अंगाला सासूच्या अंगठ्यानं झिजून खळगा पडलेली. चुन्याच्या भिंतीला शेवटचा थर द्यायचा तो सायीसारखा पातळ. अंगठा टेकवला तर ठसा उमटू नये पण अंगठ्याला गारवा लागावा, इतपत तो आवळला की गारगोटीनं घोटायला घ्यायचं. घोटतच राहायचं. खांदा भरून येतो, मनगट आपलं राहत नाही, आणि मग केव्हातरी भिंत आतून दिवा लावल्यासारखी उजळते. समोर उभं राहिलं तर त्यात आपण दिसतो. नाकडोळे नाहीत, पण कुणीतरी उभं आहे एवढं. घोटायला प्रत्येकीची आपापली गारगोटी असे. पण सगळी भिंत पुरी झाली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जो शेवटचा हात फिरे, तो या एकाच दगडाचा. आणि ज्या बाईच्या हातात हा दगड, तिनंच म्हणायचं, “झालं.” तिनं तसं म्हणेपर्यंत पुरुषांनी परांचीच्या दोऱ्या सोडायच्या नाहीत की हातपाय धुवायचे नाहीत, अशी या घराची रीत होती. शब्द केवढासा. पण तो उच्चारायला मिळावा म्हणून थोरली लग्न होऊन आल्यापासून वाट पाहत होती.

मागच्या कामाच्या वेळी सासूचे गुडघे संपले. ती परांचीवरून उतरली ती जिना उतरणाऱ्या लहान मुलासारखी, पाठमोरी, एकेका आडव्या बांबूवर थांबत. खाली आल्यावर तिनं कमरेच्या फडक्यातून गारगोटी काढली. सगळे समोर उभे होते. थोरलीनं हात पुसून घेतले. सासू तिच्यासमोरून पुढे गेली आणि दगड धाकटीच्या ओंजळीत ठेवून म्हणाली, “सांभाळ.” एवढंच. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. थोरलीला दगड न मिळाल्याचं लागलं ते लागलंच, पण आपण हात पुसले आणि ते कुणीतरी पाहिलं असणार, हे त्याहून जास्त लागलं.

बरं, धाकटी या धंद्यातली असती तर गोष्ट वेगळी. ती लग्नाआधी बायकांचे केस कापायची. चुना कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. थापी कशी धरायची, चुना कधी ओढायचा आणि कधी त्याला सोडून द्यायचा, भाजलेल्या बोटांना रात्री काय लावायचं, हे सगळं तिला शिकवलं कुणी? थोरलीनं. आणि शिकवताना एकदाही हात आखडता घेतला नाही, याचा आता तिला पश्चात्ताप होत होता.

या घराचा धंदा चुन्याचा. कचेरीच्या दारावर बसणारा म्हातारा पट्टेवाला, जो इमारत रिकामी झाली तरी आपली खुर्ची सोडायला तयार नव्हता, तो त्यांना रोज सकाळी तोच विनोद ऐकवायचा. म्हणायचा, इतकी वर्षं या इमारतीनं लोकांना चुना लावला, आता इमारतीला चुना लावायला लोक आलेत. पुरुष रोज हसायचे. थोरलीही पहिल्या दिवशी हसली होती.

इमारत मात्र तिला आवडली होती. समोरून बघावं तर राणी. दगडी जोतं, त्यावर कमानींची ओळ, मधोमध रुंद जिना, जिन्यावर घुमट आणि घुमटावर बंद पडलेलं घड्याळ. मागून बघावं तर मोलकरीण. साध्या विटा, आखूड खिडक्या, भिंतीवरून उतरलेले पाण्याचे ओघळ. ज्या काळात ती बांधली त्या काळच्या सरकारला पुढून येणाऱ्यांचीच काळजी असणार. पण मागच्या विटांचे सांधे थोरलीनं नख घालून पाहिले होते आणि ते पुढच्या दगडांपेक्षा घट्ट निघाले होते. कुणाला सांगणार? मागच्या बाजूच्या गोष्टी मागच्या बाजूलाच राहतात.

दालनाच्या दोन लांब भिंती समोरासमोर होत्या, आणि पूर्वेच्या टोकाला छतापर्यंत गेलेली एकच मोठी खिडकी. प्रत्येक नव्या साहेबानं भिंतींना आपला रंग दिला होता. वर पिवळा, त्याखाली हिरवा तेलरंग, त्याखाली पांढरा, मधूनमधून कपाटांच्या आकाराचे फिकट चौकोन. ते सगळं खरवडून काढलं तेव्हा डावी भिंत जशी बांधली तशी आतून साबूत निघाली, मूळच्या चुन्याची, अजून चमक धरून असलेली. उजवीनं मात्र खरवडताखरवडता जीव सोडला. तीच आता नव्यानं करायची होती, समोरच्या बहिणीशी जुळेल अशी. कामावर देखरेख करणाऱ्या बाई, ज्यांच्या काखेत सदैव गुंडाळी असायची म्हणून सगळे त्यांना नकाशाबाई म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ही भिंत पसंत पडली तर जिन्यावरच्या घुमटाचं काम तुमचं. नाही पडली तर नमस्कार.

घुमट म्हणजे खेळ नव्हता. घुमट आतून घोटलेला हात पुढच्या शंभर वर्षांत जिना चढणारा प्रत्येक माणूस मान वर करून बघणार. आणि त्यावर शेवटचा हात फिरवून “झालं” म्हणणार कोण, तर कालपर्यंत बायकांच्या बटा कापणारी.

सासू आता परांचीखाली उपड्या घमेल्यावर बसून असायची. काम करत नव्हती, पण हजर होती. काम चालू असताना ती बोलायची नाही, आणि थोरलीच्या बाजूला तर मान वळवून बघायचीही नाही. थोरलीला याची सवय होती. लग्नानंतरच्या पहिल्या भिंतीपासून सासूनं तिला दिले ते कोपरे. दाराच्या मागचं, खांबाच्या आडचं, कपाट येणार तिथलं, जिन्याखालचं. मधली मोकळी भिंत, आल्यागेल्याच्या नजरेत भरणारी, ती सासूची. कोपऱ्यात दोन भिंतींचे चुने एकमेकांना ओढतात, दगड वळत नाही, बोटांची सालं निघतात. त्यातून कोपरा कितीही साधला तरी बघायला येणार कोण? कोळी. इतर कारागिरांनी तिचं नावच कोपरेवाली पाडलं होतं. प्रेमानं म्हणत, पण कोपरेवालीच म्हणत.

वर आणखी एक. दुपारी सगळे डबे उघडून बसले की सासू उठायची आणि थोरलीच्या कोपऱ्याकडे जायची. तिथं पाठमोरी उभी राहून बराच वेळ काहीतरी बघत राहायची. मग परत येऊन डबा उघडायची, बोलायची काही नाही. थोरलीचा घास हातातच राहायचा. आता काय खोट सापडली असेल? पहिली काही वर्षं तिनं त्या धास्तीनं कोपरे दोनदोनदा घोटले. नंतर धास्ती गेली, कोपरे दोनदा घोटायची सवय तेवढी राहिली.

हे सगळं तिनं एकदाच नवऱ्याकडे बोलून दाखवलं होतं. थोरला हा तोंडात सदैव चुन्याची निवळी धरल्यासारखा बसणारा माणूस. तो म्हणाला, आईचं ती जाणे. आणि कूस बदलली. धाकटा दीर जरा बोलका, पण गारगोटीचा विषय निघाला की त्याला हटकून बाहेर काहीतरी काम आठवायचं. घरात या गोष्टीभोवती सगळे असे वावरत होते, जसं ओल्या लादीभोवती वावरतात. पाय पडला नाही म्हणजे झालं.

एका दुपारी संधी चालून आली. पुरुष चुना मळायला खाली अंगणात होते, सासूचा डोळा लागला होता, आणि धाकटी हात धुवायला गेली होती. फळीवर फडकं, फडक्यात गारगोटी. थोरलीनं इकडेतिकडे पाहिलं. रिकाम्या कचेरीत बघणारं कोण असणार, पण चोराला सगळीकडे डोळे दिसतात. तिनं फडकं उलगडलं आणि दगड उचलला.

तो बसला. म्हणजे आपणहून बसला. अंगठा खळग्यात गेला, तळवा भरला, बोटं जिथं जायला हवी तिथं गेली. एखाद्या घरात पहिल्यांदा जावं आणि अंधारात दिव्याचं बटण पहिल्या झटक्यात सापडावं, तसं. तिनं कोपऱ्याजवळ, जिथला शेवटचा थर अवघड म्हणून तिनं सकाळीच देऊन टाकला होता आणि तो आवळत आला होता, तिथं दगड टेकवला आणि एक लांब हात मारला, मग दुसरा. चुन्यानं हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या हाताला कोपरा उजळून निघाला, आणि थोरलीनं घाईघाईनं दगड पुसला, फडक्यात गुंडाळला आणि होता तिथं ठेवला. तिला वाटलं होतं, एकदा हातात घेऊन पाहिला की मन शांत होईल. झालं उलटंच. आतापर्यंत नुसता संशय होता, आता खात्री होती. कळीच्या चुन्यावर पाणी पडावं तशी ती उभ्या उभ्या उकळत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी दिसली असती.

“जाऊबाई, बरं नाही का वाटत?” धाकटी ओले हात झटकत आली होती.

“चांगली धडधाकट आहे,” थोरली म्हणाली. “आणि ओले हात दगडाला लावू नकोस. आधी पूस.”

धाकटीनं निमूटपणे हात पुसले. तिचा हा निमूटपणाही थोरलीच्या डोक्यात जायचा. उलटून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

उरलेल्या भिंतीच्या शेवटच्या थराचा दिवस उगवला. भिंत एवढी लांब होती की एका टोकाकडून एकीनं जायचं तर दुसरं टोक सुकून जाईल. म्हणून दोन टोकांकडून दोघी निघाल्या. खिडकीच्या बाजूनं धाकटी, कोपऱ्याच्या बाजूनं अर्थातच कोपरेवाली. मध्ये गाठ पडायची. अशा वेळी रीत अशी, की दोघींनी आपल्या थराचं तोंड ओलं आणि वेडंवाकडं सोडायचं, आणि मग हिनं तिच्या हद्दीत हातभर, तिनं हिच्या हद्दीत हातभर जाऊन ते घोटून एक करायचं. वरून शेवटचा हात सगळ्या भिंतीवरून सलग जायचा. दोन माणसांनी भिंत केली हे भिंतीला कळता कामा नये.

त्या दिवशी थोरलीनं जन्मात केलं नव्हतं असं काम केलं. असूयेचा एक गुण मान्य करायला हवा, तिच्यामुळे हात थकत नाही. तिच्या बाजूची भिंत तळ्यासारखी झाली. मधोमध पोचली तेव्हा पलीकडून धाकटीही पोचत होती, कपाळावर चुना, श्वास फुललेला. तिची भिंतही वाईट नव्हती. चांगली होती. थोरलीनं ती तिरक्या नजरेनं पाहिली, आणि ती चांगली आहे हेच तिला आवडलं नाही. तिनं आपल्या थराचं तोंड थापीनं नीट कापलं, सरळ, सुबक, आणि दगड तिथंच थांबवला. तिच्या हद्दीत आपण कशाला मरायला जायचं? तिच्याकडे मानाचा दगड आहे, ती बघून घेईल.

थोड्या वेळानं धाकटी ती गारगोटी घेऊन शेवटचा हात फिरवत खिडकीकडून निघाली. फिरवत फिरवत मध्यापर्यंत आली आणि तिथं थबकली. विचारल्यासारखं थोरलीकडे पाहिलं.

“माझ्या बाजूची काळजी तू नको करूस,” थोरली म्हणाली. “माझी बाजू झालेली आहे.”

झालेली आहे. तो शब्द तिनं अशा रीतीनं उच्चारून घेतला, आडून, भाकरीच्या तुकड्यावर हक्क सांगावा तसा. धाकटीनं दगड मागं घेतला. मग खाली सासूकडे पाहिलं, सासू समोरच्या जुन्या भिंतीकडे बघत बसली होती. धाकटी बारीक आवाजात म्हणाली, “झालं.” पुरुषांनी दोऱ्या सोडल्या.

सकाळी नकाशाबाई लवकर आल्या. भिंत पाहायची तर सकाळच्याच उजेडात, असा त्यांचा नेम होता. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवं आत शिरतं आणि भिंतीला घासून पुढे जातं. त्या उजेडात भिंत खोटं बोलू शकत नाही. साधा नखभर उंचवटा असला तरी त्याची सावली हातभर पडते.

सगळे रांगेनं उभे राहिले. पट्टेवालाही खुर्ची सोडून आला, हीच मोठी गोष्ट. ऊन चढलं, खिडकीची चौकट ओलांडून आत आलं आणि धाकटीच्या भिंतीवरून घसरत निघालं. मऊ, सलग, पाण्यावरून गेल्यासारखं. मध्यावर आलं आणि अडखळलं.

छतापासून जमिनीपर्यंत एक रेघ. केसाएवढी, पण सरळसोट, सुबक कापलेली. रेघेच्या अलीकडची भिंत सुंदर होती, पलीकडचीही सुंदर होती, आणि दोन्ही मिळून ती एक भिंत नव्हती.

मग थोरला खाली बघत म्हणाला, की चुना जरा लवकर ओढला असणार. धाकटा म्हणाला, काल दुपारी वारं होतं. थोरला म्हणाला, हो, वारं होतंच. पट्टेवाला म्हणाला, वारं तर इथं पूर्वीपासूनच आहे. अशी सगळ्यांनी मिळून एका वाऱ्यावर चुकीची मोट बांधली, आणि वाऱ्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसल्यामुळे ते पटण्यासारखंही वाटायला लागलं.

“माझा हात कमी पडला,” धाकटी म्हणाली. “शेवटचा हात माझा होता.”

थोरलीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. जे मनात धरलं होतं तेच सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. पण तिला वाटलं ते भलतंच. तिला वाटलं, बघा, चूकसुद्धा हिनंच पुढे होऊन घेतली. म्हणजे तेही हिलाच मिळालं.

नकाशाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना वळायला लावलं. समोरच्या जुन्या भिंतीवरही तेच आडवं ऊन पडलं होतं, आणि तिथंही, बरोबर मधोमध नाही पण मध्याच्या जवळपास, एक रेघ होती. जुनी, बारीक, रंगांच्या पापुद्र्यांखाली इतकी वर्षं झाकून राहिलेली. त्या म्हणाल्या की त्यांनाही ती या आठवड्यातच दिसली. ही इमारत बांधली तेव्हाही इथं दोन माणसं दोन टोकांकडून निघाली होती आणि मध्ये येऊन थांबली होती.

“म्हणजे तेव्हाही जावाच असणार,” थोरला म्हणाला.

वर्षभरात त्यानं केलेला हा पहिलाच विनोद. धाकट्याला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. थोरली आपल्या नवऱ्याकडे बघतच राहिली. म्हणजे याला सगळं कळत होतं तर.

जुनी रेघ जुनी म्हणून राहू द्यायची, नकाशाबाई म्हणाल्या, पण नवी चालणार नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा काढा आणि पुन्हा करा. सांधा मिटला की घुमटाचं बोलू. आणि गुंडाळी काखेत मारून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शहाणी बाई. घरचं भांडण येताना तिला लांबून दिसलं होतं.

सासू घमेल्यावरून उठली. दोन्ही लेकांनी पुढे केलेले हात बाजूला सारून ती भिंतीकडे गेली. तळहात नाही, हाताची मागची बाजू भिंतीला लावली, जशी तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात, आणि डोळे मिटून चालायला लागली. खिडकीकडून धाकटीची भिंत. मध्ये रेघ. रेघेवर बोटं थांबली, पुढे गेली. मग थोरलीची भिंत, शेवटपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यात ती उभी राहिली. पाठमोरी, नेहमीसारखी, नेहमीइतकाच वेळ. थोरलीनं त्या दुपारी चोरून मारलेले हात तिथंच होते.

“माझी गारगोटी इथं फिरलीय,” भिंतीकडेच तोंड करून सासू म्हणाली. “पण धाकटीच्या हातानं नाही.” मग वळली. “आणि उरलेल्या निम्म्या भिंतीवर शेवटचा हात आलेलाच नाही. का?”

धाकटीनं खाली पाहिलं. ती सांगणार नव्हती, हे थोरलीला दिसत होतं. ती वारं म्हणेल, हात म्हणेल, वाटेल ते म्हणेल, पण जाऊबाईचं नाव घेणार नाही. आणि मग हा चांगुलपणासुद्धा जन्मभर तिच्याच नावावर राहील. ते मात्र थोरलीला सहन होण्यासारखं नव्हतं.

“मी येऊ दिला नाही,” ती म्हणाली. “तिला सांगितलं, माझ्या बाजूला हात लावू नकोस. चोरून दगडही मीच घेतला होता. खोट माझी आहे, तिची नाही.”

“का पण?”

दालन बांधणाऱ्यांचं भलं होवो. तो “का” छतावर जाऊन सगळ्यांच्या डोक्यावर परत आला. धाकट्याला बाहेरचं काम आठवलं असावं, पण त्याला हलायचं धाडस झालं नाही.

“ते तुम्ही सांगा, आई,” थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. इतकी वर्षं तो चढवायचा नाही म्हणून ठेवला होता, आता चढवायचा म्हटलं तरी वाट माहीत नव्हती. “मी हात पुसून उभी होते. तुमच्या देखत उभी होते. दगड तिला का दिलात?”

थोरला खोकला. सासूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकला अर्ध्यावर मिटला.

“तिच्या हातात तो बसत नाही,” सासू म्हणाली. “मला माहीत होतं ते. देतानाच माहीत होतं.”

“मी म्हणतच होते,” धाकटी पटकन बोलून गेली आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं. तिनं कमरेचं फडकं सोडलं, गारगोटी काढली आणि कुणाला द्यावी हे न कळून तशीच दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

सासू अजून कोपऱ्याशीच होती. तिनं हात पुन्हा भिंतीला टेकवला, या वेळी आधारासाठी. मग बोलली ती थोरलीकडे बघून नाही. आपण दिसतो, नाकडोळे नाहीत पण कुणीतरी उभं आहे एवढं दिसतं, त्या भिंतीतल्या बाईकडे बघून.

“तुला कोपरे दिले, कारण कोपरे कुणी बघत नाही. मी बघायचे. तुम्ही सगळे जेवायला बसलात की जायचे. वाटायचं, आज तरी खोट सापडेल. एवढीशी सापडू दे, मग मलाही दोन घास गोड लागतील. एवढ्या वर्षांत एकदा सापडली नाही.” ती थांबली. परांचीवरून उतरताना थांबायची तशी, पुढचा बांबू पायानं चाचपत. “तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, थोरले. तू आलीस त्या पहिल्या भिंतीपासून चांगला आहे. हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तुला सोडून. मी जळत होते तुझ्यावर.”